सातवी ओळ

सातव्या ओळीत तिनं पेशी घातल्याच नव्हत्या, आणि तरी ती ओळ जांभळी झाली होती. मंगळवार, दुपारचे चार वाजून गेलेले, पेशीखोलीतला पंखा नेहमीसारखा खरखरत होता, आणि ती हातातली प्लेट दिव्याकडे धरून उभी होती. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट. तिच्यात शहाण्णव खळगे, आठ-आठच्या बारा ओळी. प्रत्येक खळग्याच्या तळाशी माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर औषध सोडायचं, तिसऱ्या दिवशी एक पिवळं रसायन घालायचं. पेशी जिवंत असतील तर त्या पिवळ्याचं जांभळं करतात, मेल्या असतील तर पिवळं पिवळंच राहतं. एकोणीस वर्षं ती हे करत होती. डोळ्यावर पट्टी बांधली तरी केलं असतं. आणि आता जिथं पेशीच नव्हत्या तिथं कुणीतरी जिवंत होतं म्हणे.

ओळ रिकामी राहिली ती तिच्या चुकीनं, हे खरं. पण चुकीलाही आईबाप असतात. रविवारी सकाळी ती हूडच्या, म्हणजे निर्जंतुक हवेच्या पेटीच्या, काचेखाली हात घालून बसली होती, सहावी ओळ संपवून पिपेट उचलत होती, तेवढ्यात सर दारातून म्हणाले की पाहुणे आलेत, मीटिंगच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे ना. संस्थेत साठ माणसं, तीन शिपाई, पण किल्ली हिच्याकडे, कारण ही हरवत नाही. हातमोजे काढा, किल्ली द्या, पाहुण्यांना खुर्च्या दाखवा, हात धुवा, पुन्हा मोजे घाला. परत येऊन तिनं आठव्या ओळीपासून सुरुवात केली. सोमवारी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर सातवीचा तळ लख्ख मोकळा. स्वतःला दोन शिव्या घातल्या, झाकणावर 'रिकामी' लिहिलं, आणि औषध सोडताना हात सवयीनं त्याही ओळीवरून गेला. आठ नळ्यांच्या पिपेटला थांबायची सवय नसते. आज पिवळंही तसंच सवयीनं पडलं. ती चूक नसती तर हे तिला आणखी एकोणीस वर्षं कळलं नसतं.

औषध म्हणजे चांदी. सरांची चांदी. सरांना सगळी संस्था पाठीमागे काढेसर म्हणायची, कारण गेली सहा वर्षं ते पाला उकळत होते. संस्थेच्या कुंपणालगत एक रानटी झुडूप माजलं होतं, त्याची पानं धुवायची, चिरायची, उकळायची, गाळायची, आणि तो काढा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा. अर्ध्या तासात ते पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागे. म्हणजे चांदीचे कण झाले. एवढे बारीक की केसाच्या जाडीत हजार मावतील. कुठलंही जहाल रसायन न वापरता, फक्त पाल्यानं. पहिल्यांदा तो रंग चढताना पाहिला तेव्हा तिलाही मजा वाटली होती, नाही असं नाही. पण पुढे त्या काढ्याला पाय फुटले. 'हिरवी चांदी' असं बारसं झालं, भाषणं झाली, कंपनी आली, जखमेवर लावायचं मलम झालं, ट्यूबवर पानाचं चित्र आलं. आणि जो तो एकच वाक्य घोकायला लागला की झाडाचं आहे, त्यात काय अपाय होणार. झाडाचं आहे! जसं काही जगातलं विष खाणीतूनच निघतं, झाडाला कधी लागतच नाही. हे वाक्य ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती गप्प बसायची. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कारण तिला दिसत होतं. प्लेटचा रंग मोजून किती जिवंत त्याचा आकडा देणारं रीडर नावाचं ते मशीन तीन वर्षांपूर्वी विकत घेतलं, त्याच्या आधीपासून तिला दिसत होतं. कातडीच्या पेशी धडधाकट असल्या की तळाला चिकटून पसरतात, एकमेकींना खेटून, फरशी बसवल्यासारख्या. बिघडल्या की आखडतात, गोल होतात, तळ सोडतात आणि तरंगायला लागतात. चांदी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्या तरंगत होत्या. एकदा नाही, तीनदा, तीन वेगवेगळ्या प्लेटांत. तिन्ही वेळा ती सरांकडे गेली होती. पहिल्या वेळी ते म्हणाले की तुमचा मायक्रोस्कोप जुना झालाय. दुसऱ्या वेळी म्हणाले की बघा, रीडर काय सांगतो, ब्याण्णव टक्के जिवंत. तिसऱ्या वेळी मान वर न करता म्हणाले, "नजर ही नजर असते हो. आकडा तो आकडा." आणि हसले. चांगले हसले. वाईट माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. सर कुणाच्या आजारपणात आधी धावून जाणारे, तिच्या नवऱ्याच्या वेळी दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसून राहिलेले. त्यांना खोटं बोलायचं नव्हतंच. त्यांना खरं बघायचं नव्हतं, आणि त्यासाठी त्यांनी एक मशीन मांडून ठेवलं होतं.

मोठ्या बाई असत्या तर असलं काही चाललं नसतं. ही पेशीखोली त्यांनी उभी केली. नोकरीला लागली तेव्हा त्यांनी तिला तीन महिने कशाला हात लावू दिला नव्हता, नुसतं बघायला बसवलं होतं. सकाळी बघ, दुपारी बघ, काय बदललं ते लिही. तेव्हा ती वैतागायची, घरी जाऊन म्हणायची की मला काय भिंगाला डोळा लावून बसायचा पगार देतात की काय. बाईंचा शिरस्ता असा की पिवळं घालायच्या आधी प्रत्येक खळगा दोनदा धुवायचा, वरचं सगळं काढून टाकायचं, मग तळाला जे उरेल त्याला विचारायचं, बाई गं, जिवंत आहेस का. या धुण्यात दुपार जायची. बाई निवृत्त झाल्या, सर आले, आणि सरांनी धुणं बंद केलं. म्हणाले की धुताना पेशी निघून जातात, आकडे वरखाली होतात. निघून जातात! मेलेल्याच निघून जातात ना! जिवंत कशाला तळ सोडेल? पण त्या वेळी हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात आलं होतं एवढंच की आता सहाची बस मिळेल. आणि त्या शिरस्त्याबरोबर आणखी काय गेलं ते आज, या प्लेटसमोर, तिला कळत होतं. वरचा काढा काढायचाच नाही म्हटल्यावर तो खळग्यातच राहिला, आणि पिवळं त्याच्यावर पडलं. ज्या काढ्यानं चांदीच्या पाण्याचा रंग पालटला तो या पिवळ्याला सोडेल होय? पेशी मेल्या तरी काढा होताच रंगवायला. तीन वर्षं ते मशीन पेशींना विचारत होतं आणि उत्तर पाला देत होता.

हे इतकं सरळ होतं! तिनं प्लेट टेबलावर ठेवली. तुलनेसाठी ठेवायची बारावी ओळ तीच लावत होती ना? तिच्यात पेशी नसायच्या, नुसतं पेशींचं खाद्य आणि पिवळं. त्यात काढा घालून बघावं हे कुणाला सुचलं नाही. मशीनच्या तक्त्यात तशी जागा नव्हती म्हणून सुचलं नाही. मशीनला जागा नव्हती, आणि तुझ्या डोक्यात? दिवसभर दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडतेस, हे बोट कुणाकडे वळवशील? तिनं प्लेट पुन्हा उचलली. सातवी ओळ शेजारच्या ओळींपेक्षा जराही फिकी नव्हती.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि विचारलं की एवढ्या वर्षांनी अख्खी ओळ विसरता म्हणजे काय. मग शेजारून उडालं असेल म्हणाले, ओळ काढून टाका म्हणाले, आणि पुढचं नेहमीच्या गोड आवाजात. शुक्रवारी कंपनीच्या तपासनीस बाई येणार आहेत, त्यांच्यासमोर एक ताजी प्लेट वाचून दाखवायची आहे, तेवढी नीट करा. सोमवारपासून मोठ्या इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात मलम लावायला सुरुवात. तीस माणसं. तिनं विचारलं की नव्या प्लेटमध्ये एक ओळ पेशींशिवाय, नुसत्या चांदीची ठेवू का. सर म्हणाले की आता ऐन वेळी तक्ता बदलायचा नाही, ते नंतर बघू. ही 'नंतर बघू'ची पेटी संस्थेत फार मोठी होती. तिच्यात काय काय गेलं याची मोजदाद नव्हती.

घरी जाताना ती बसमध्ये खिडकीशी बसली आणि बाहेरचं काहीएक दिसलं नाही. मनात तीस माणसं रांगेनं निजली होती, आणि त्या वॉर्डात ज्या बाईचे हात ते मलम लावणार होते ती बाई तिच्या घरात राहत होती. तिची नणंद. वॉर्डची मुख्य नर्स. तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण, लग्न न केलेली. तो गेल्यावर दोघींनी वेगवेगळी दोन घरं कशाला चालवायची म्हणून एकत्र राहायला लागल्या त्याला आठ वर्षं झाली. सुरुवातीला चेष्टेनं ती नणंदेला जुन्या पद्धतीनं 'वन्सं' म्हणायची, अहोजाहो करायची, आणि नणंद वयानं लहान असून तोऱ्यात 'हं, बोला वहिनी' म्हणायची. चेष्टा कधीच शिळी झाली, पण वन्सं वन्संच राहिल्या. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला कुशीवर वळवताना त्या कधी दमल्या नाहीत, कधी चुकल्या नाहीत. जगात दोनच माणसांवर माझा डोळे मिटून विश्वास आहे असं त्या म्हणायच्या, एक गेला आणि एक ही.

वन्सं जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हातावरची पट्टी उलगडत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी वॉर्डात उपकरणं उकळायच्या यंत्राचं झाकण लवकर उघडलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत वाफ मारून गेली. तेव्हा तिनंच पर्समधून मलमाची ट्यूब काढून दिली होती. संस्थेच्या समारंभात वाटलेली, पानाचं चित्र असलेली. फुशारकीनं दिली होती, याची कातडीची चाचणी माझ्या हातची आहे असं सांगून. पेशी तरंगताना तिसऱ्यांदा बघितल्याला तेव्हा चार महिनेसुद्धा झाले नव्हते. हे तिला आत्ता, पिशवी खुंटीला लावताना आठवलं. आठवलं कसलं, ते कधी विसरलंच नव्हतं. फक्त एक गोष्ट संस्थेत ठेवली होती आणि दुसरी घरात, आणि मधे बसचा प्रवास होता.

ती जवळ गेली आणि हात दिव्याखाली धरून बघितला. एवढ्यात वरून नवी कातडी यायला हवी होती. कडेनं गुलाबी पट्टा आत सरकायला हवा होता. कड जिथल्या तिथं होती, पांढुरकी, भिजल्यासारखी, आणि मधला भाग ओला. संसर्ग नव्हता. चांदीनं जंतू मारले होते, त्यात शंका नाही. आणि जंतूंबरोबर, कडेकडेनं आत यायला बघणाऱ्या त्या पेशींनाही. प्लेटच्या तळाशी जे तिनं भिंगातून पाहिलं होतं ते आता तिला चष्म्याशिवाय दिसत होतं. वन्सं मात्र निवांत होत्या. म्हणाल्या की वय झालं, आता पंचविशीतल्यासारखं थोडंच भरणार, आणि झाडपाल्याचं औषध म्हणजे सावकाशच असतं. उजव्या हातानं त्यांनी ट्यूबचं टोपण काढलं.

"वन्सं, ते लावू नका."

"का गं? तूच तर आणलंस."

"चुकलं माझं."

वन्सं हसल्या. "तुझं कसं चुकेल? मशीननं बघितलंय ना? तू केलंयस म्हणून तर मी वॉर्डात तिसांनाही सांगून ठेवलंय, घाबरू नका, ही घरची खात्री आहे."

तिनं ट्यूब त्यांच्या हातातून काढून घेतली. सांगायला तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते निराळंच होतं, की थोडे दिवस साधी पट्टी बांधून बघू, तुमच्या कातडीला ते सोसत नसेल. तुमच्या कातडीला! म्हणजे आता दोष वन्संच्या कातडीचा. पाणी पुन्हा उताराकडेच वाहिलं, आणि बोलणारी तीच, दुपारपासून सगळ्या जगावर दात-ओठ खाणारी. वन्संनी हात पुढे केला. तिनं मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली, दोनदा धुतली, मोठ्या बाई खळगे धुवायला लावायच्या तशी, काही न ओरबाडता. धुता धुता तिला सरांचा राग आला, कंपनीचा आला, त्या ट्यूबवर पान काढणाऱ्या चित्रकाराचासुद्धा आला, आणि या सगळ्या रागांच्या तळाशी आणखी एक होता, त्याच्याकडे बघायला ती तयार नव्हती. वन्संनी विचारलं की एवढी का धुसफुसतेस. ती म्हणाली, बसमध्ये गर्दी होती.

बुधवारी सकाळी ती सरांच्या खोलीत पुन्हा गेली. या वेळी लिहून नेलं होतं, अर्ध्या पानाचं. की सातव्या ओळीवरून असं दिसतं की काढा स्वतःच रंग देतो, म्हणून सोमवार पुढे ढकलावा. सरांनी कागद वाचला. पूर्ण वाचला, हे तिनं पाहिलं. कागद घडी घालून आपल्या फायलीखाली ठेवला आणि म्हणाले की तुमची कळकळ मला समजते, पण एका विसरलेल्या ओळीवर सहा वर्षांचं काम आडवं करायचं का? आणि मग, दाराकडे बघत, तिच्या दरवर्षीच्या नेमणुकीचं पत्र यंदा अजून आलेलं नाही ते त्यांच्या लक्षात आहे, शुक्रवार पार पडला की तेही बघतो. धमकी नव्हती ती. आपुलकीनंच म्हणाले. तिला वाटलं, यांच्या आपुलकीवर आता पाणी सोडलेलं बरं.

पेशीखोलीत येऊन तिनं बाटलीतल्या पेशी सोडवल्या, मोजल्या, हूडखाली नवी प्लेट ठेवली. पहिल्या दोन ओळींत पेशी घातल्या. या दोन ओळींना औषध द्यायचं नसतं, त्यांच्याशी बाकीच्यांची तुलना होते. मग तिसरी ओळ आली आणि हात थांबला. या खेपेला कुणी हाक मारली नव्हती, किल्ली मागितली नव्हती. पिपेटमध्ये पेशी तयार होत्या. तिनं त्या परत बाटलीत सोडल्या आणि तिसरीपासून अकरावीपर्यंत नुसतं खाद्य भरलं. आठ खळगे, आठ खळगे, नऊ ओळी. हे खोटं आहे का, असं तिनं स्वतःला विचारलं. सर खरी ओळ ठेवू देत नाहीत म्हणून सगळीच प्लेट ती ओळ करायची, हे खोटं आहे का? वहीत तारीख टाकली, वेळ टाकली, आणि लिहिलं: ओळ ३ ते ११, पेशी घातल्या नाहीत, मुद्दाम. खाली सही. कुणीही येऊन वाचावं. वही टेबलावर उघडी असायची, आणि गेल्या सहा वर्षांत सरांनी ती एकदाही हातात घेतली नव्हती.

गुरुवारी तिनं चांदी सोडली. संध्याकाळी घरी वन्संनी हात दाखवला, कडेला नखाएवढा गुलाबीपणा होता, आणि त्या खूश होऊन म्हणाल्या की बघ, अखेर लागू पडलं की तुझं औषध. मंगळवारपासून हातावर औषध नव्हतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. चांगल्याचं श्रेय झाडाला, वाईटाचं कातडीला. तिनं ताटावरून उठून बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

शुक्रवारी दुपारी तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, कापलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सर खुलले होते. पाला कसा मिळाला, कुंपणाचं झुडूप, अडगळीतून रत्न, हे सगळं त्यांनी सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या आणि अधूनमधून लिहीत होत्या. तिनं सकाळी पिवळं घातलेलं होतं, आता प्लेट बाहेर काढली. पहिल्या दोन ओळी जांभळ्या, तीन ते अकरा जांभळ्या, बारावी पिवळी. सरांनी प्लेट बाईंसमोर उजेडात धरली, बाळ दाखवावं तशी. मग मशीनचा कप्पा आत गेला, खटखट झालं, आणि पडद्यावर आकडे उमटले. सरांनी सरासरी मोठ्यानं वाचली.

"एक्क्याण्णव टक्के. चांदीत अख्खा दिवस काढून एक्क्याण्णव टक्के पेशी जिवंत. याहून सुरक्षित काय पाहिजे?"

बाईंनी आकडा लिहून घेतला. ती दाराजवळच्या टेबलाशी उभी होती. आता बोललं नाही तर पुन्हा कधी बोलायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"त्यात पेशी नाहीत," ती म्हणाली.

सरांना वाटलं बाराव्या ओळीबद्दल बोलते आहे. ते समजुतीनं म्हणाले की हो, ती रिकामीच असते. ती म्हणाली, "तीन ते अकरा. एकही पेशी नाही. नुसता तुमचा काढा आणि चांदी. बुधवारी लिहून ठेवलंय."

सर आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. हा विश्वासघात आहे म्हणाले, कामात घातपात आहे म्हणाले, एकोणीस वर्षांचं मीठ तरी आठवायचं होतं म्हणाले. आणि मग तिचा बांध फुटला. काय काय बोलली ते तिला नंतर सलग आठवलं नाही. धुणं कुणी बंद केलं ते बोलली, 'नंतर बघू' बोलली, घडी घालून फायलीखाली सरकवलेला कागद बोलली. तीस माणसांच्या भाजलेल्या अंगावर तुम्ही पाल्याचा रंग बघून मलम फासणार, आणि एका बाईचा हात तीन आठवडे उघडा ठेवलात तो ठेवलातच. तीन प्लेटा, तिन्ही वेळा मेलेल्या पेशी मी या डोळ्यांनी पाहिल्या, तिन्ही वेळा तुम्हाला येऊन सांगितलं, आणि तुम्ही आकडा तो आकडा म्हणालात. आवाज चढला होता, बाहेर पॅसेजमध्ये माणसं थांबली होती. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती आणि तिला ते बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. सर खुर्चीत बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले.

तपासनीस बाईंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी टेबलावरची वही जवळ ओढली, बुधवारचं पान वाचलं, आणि विचारलं की त्या आधीच्या तीन प्लेटा याच वहीत आहेत का. आहेत, ती तावातावानं म्हणाली, बघा ना, तुम्हीच बघा. बाई मागे मागे पानं उलटत गेल्या. एका पानावर थांबल्या आणि बोट ठेवलं.

"पेशी गोल, तळ सोडलेला, बहुतेक मृत," त्यांनी वाचलं. त्या शब्दांवरून निळ्या शाईची एक रेघ गेली होती. संस्थेचा नियमच तसा होता. खोडायचं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खोडणाऱ्यानं सही करायची. रेघेच्या वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: ब्याण्णव टक्के जिवंत, सुरक्षित.

"ही रेघ कुणाची?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं होतं म्हणून, असं तिला म्हणता आलं असतं. खरंही होतं ते. वही न उघडताच त्यांनी सांगितलं होतं की असले शेरे काढून टाका, गोंधळ होतो. पॅसेजमधली माणसं दाराशी आली होती. मघापासून जो राग तिच्या अंगात नुसता उसळत होता तो कुठं जायचा ते त्याला आता सापडलं होतं.

"माझी," ती म्हणाली. "सहीही माझीच."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि पान उलटलं. पुढच्या प्लेटच्या पानावरही तशीच सरळ रेघ होती.